मातीतल्या बॅक्टेरियापासून अमायलेज काढायचंय, मीडियममध्ये (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रावणात) गूळ वापरला तर चालेल का?

गूळ नको. बॅक्टेरिया त्याच्यावर मस्त वाढतील, एका रात्रीत फ्लास्क गढूळ होईल, पण अमायलेज अगदीच कमी मिळेल. तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात गूळ सहज मिळतो आणि बीएस्सीच्या प्रोजेक्टचा खर्च वाचेल, मी एमएस्सीला असताना हाच विचार करून शाहूपुरीतनं गूळ आणला होता आणि तीन आठवडे वाया गेले, म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

कारण असं की अमायलेज हे एन्झाइम म्हणजे बॅक्टेरियाचं स्टार्च तोडून साखर करायचं हत्यार. समोर आयती साखर असली की बॅसिलस, म्हणजे अमायलेज देणारा मातीतला बॅक्टेरिया, ते बनवायचं थांबवतो, घरात भाकरी तयार असताना परत चूल कोण पेटवणार. ह्याला कॅटाबोलाइट रिप्रेशन म्हणतात, व्हायवाला विचारतातच. गुळात बहुतेक सुक्रोज आणि थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, म्हणजे नको तेच.

आणि खरी फसगत पुढंच होते. डीएनएस टेस्टला (ग्लुकोजसारखी साखर असली की ह्यात रंग येतो आणि तो मोजतात) ५४० नॅनोमीटरला माझं रीडिंग जबरदस्त आलं, मी खूश, पण तो रंग एन्झाइमनं केलेल्या साखरेचा नव्हता, गुळातल्याच ग्लुकोजचा होता. मॅडमनी एक ट्यूब अशी लावायला सांगितली की स्टार्चमध्ये आधी डीएनएस घालायचं आणि मग सुपरनॅटंट (बॅक्टेरिया खाली बसवून वर उरलेलं, एन्झाइम असलेलं पाणी), म्हणजे एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही, तरी रंग तेवढाच आला. हा ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीची ट्यूब, प्रत्येक सॅम्पलला लावा. उकळलेल्या एन्झाइमच्या ब्लँकवर मात्र भरवसा ठेवू नका, काही बॅसिलसची अमायलेजं उकळूनही बराच वेळ टिकतात, आणि सुताला लावलेली स्टार्चची खळ कापडावरनं काढायला अशीच गरम पाण्यात टिकणारी अमायलेजं लागतात, इचलकरंजीतल्या कोणत्याही प्रोसेसवाल्याला विचारा.

मग स्वस्तात काय घालायचं तर गव्हाचा कोंडा. गिरणीत मिळतो, त्यात स्टार्च पण आहे आणि प्रोटीन पण. नाहीतर १ टक्का स्टार्च, थोडं पेप्टोन (प्रोटीनची पावडर) आणि किंचित कॅल्शियम क्लोराइड, कारण कॅल्शियम नसेल तर हे एन्झाइम टिकत नाही. माती कुठली म्हणाल तर खानावळीच्या मागं जिथं भाताची पेज रोज ओततात तिथली घ्या, शेतातल्या मातीपेक्षा तिथं स्टार्च खाणारे जास्त सापडतात असा माझा अनुभव. पाण्यात कालवलेली माती ८० डिग्रीला १० मिनिटं ठेवलं की बाकीचे बरेचसे मरतात, बॅसिलसचे स्पोअर (उष्णता सोसणारी बीजं) राहतात, मग ते स्टार्च अगारच्या प्लेटवर वाढवा. आयोडीन ओतलं की निळ्या प्लेटवर जिथं स्टार्च खाल्लं गेलंय तिथं कॉलनीभोवती पांढरं वर्तुळ दिसतं, पण आयोडीननं कॉलनी मरते, म्हणून आधी दुसऱ्या प्लेटवर कॉपी काढून ठेवा, हे विसरलात तर सगळं पहिल्यापासून.

फ्लास्क ३७ डिग्रीला शेकरवर ठेवून दर ६ तासांनी सॅम्पल काढा, एकदम ४८ तासांनीच बघू असं करू नका. अमायलेज वाढ मंदावायला लागली की जास्त येतं आणि उशीर केला तर त्याच बॅसिलसचे प्रोटीएज (प्रोटीन तोडणारे एन्झाइम) ते खाऊन टाकतात, आमच्या फ्लास्कमध्ये ३० व्या तासानंतर उतरायला लागलं होतं.

आणि हे घरी स्वयंपाकघरात अजिबात नको, कॉलेजच्या लॅबमध्येच करा. त्याच मातीतनं बॅसिलस सेरियस पण प्लेटवर येतो, आणि त्यानं उलट्या-जुलाब होतात.