चाळीस फोटो, पण मोरीचा एकही नाही

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवार पेठेतल्या वाड्याचे तू पाठवलेले फोटो पाहिले. मोजले, चाळीस भरले. दिंडी दरवाजा तीन बाजूंनी, चौकातलं तुळशीवृंदावन, सागवानी खांब, कोनाडे, जिन्याच्या कठड्यावर पहुडलेलं मांजरसुद्धा. संडासाचा एकही नाही. माडीवरच्या मोरीचा नाही, कौलांच्या आतल्या बाजूचा नाही, मागच्या भिंतीचा नाही. घर तुझ्या मनात भरलंय हे तेवढ्यावरूनच कळलं. भरू दे, त्यात वावगं काही नाही. पण ‘सर, घ्यावं का?’ असं विचारलंयस, तर मला आधी ते न काढलेले फोटो बघायला लागतील.

माझी नोकरीची बरीच वर्षं पेठांतले वाडे उतरवण्यात गेली आणि मोजके वाचवण्यात. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. वयामुळे पडलेला वाडा मी क्वचितच पाहिला. मूळ बांधणारा बहुतेक वेळा चोख असतो. घर खाते ती पुढच्यांनी केलेली डागडुजी. म्हणून वाड्यात शिरलीस की जुनं काय आहे ते नंतर बघ. मागाहून काय घातलंय ते आधी शोध.

त्यासाठी सांगाडा डोळ्यांसमोर हवा. दगडी जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे दगडी ठोकळे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि पाटांवर मातीचा थर. बाहेरच्या जाड भिंती थोडा भार घेतात, आतला बहुतेक भार मात्र या लाकडी चौकटीवर असतो. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जुनी माणसं घर खणांतच मोजायची. तूही तसंच मोज, म्हणजे कुठल्या खणात मधलाच खांब गायब आहे ते आपोआप कळेल. हॉल मोठा करायच्या हौसेपायी खांब काढून वर लोखंडी गर्डर टाकलेला असतो, आणि तो गर्डर कशावर टेकलाय याचं उत्तर घरात कोणालाच देता येत नाही.

आता तळखडा. तो मुद्दाम जमिनीच्या वर ठेवलेला असतो, लाकडाला ओल लागू नये म्हणून. तुझ्या अकराव्या फोटोत ओसरीवर चकचकीत टाइल्स आहेत आणि खांब थेट त्यांतून उगवल्यासारखा दिसतोय. म्हणजे शहाबादीवर मोझॅक, मोझॅकवर टाइल असं करत जमीन चार-पाच बोटं वर आली असणार आणि तळखडा खाली पुरला गेला असणार. त्या खांबाच्या बुंध्याशी पेचकस टोचून बघ. चांगलं सागवान पेचकसाला दाद देत नाही. कुजलेलं असेल तर पातं मऊ पावात शिरावं तसं आत जातं. मग खांबावर मुठीने ठोक. खणखणीत आवाज आला तर पुढे चल, बद्द आला तर तिथेच थांब आणि लिहून ठेव. वाळवीच्या मातीच्या नळ्या जुन्या सागापेक्षा मागाहून घातलेल्या आंब्याच्या किंवा रायवळ लाकडावर जास्त दिसतील. तेव्हा रंगाखाली लाकूड कोणतं आहे ते बघ.

माडीवरच्या मोरीबद्दल मात्र मी जरा जास्तच बोलणार आहे. जुन्या वाड्यात न्हाणी आणि संडास मागे परसात असायचे, माणसांपासून लांब आणि लाकडापासूनही लांब. पुढे एकेका बिऱ्हाडाला सोय हवी झाली, तेव्हा माडीवर कडीपाटावरच कोबा टाकून मोऱ्या निघाल्या. कोब्याला बारीक तडा गेला की पाणी खालच्या मातीत मुरतं. माती ते धरून ठेवते आणि पाट वर्षानुवर्षं ओले राहतात. वरून काही दिसत नाही. म्हणून मोरी वरून बघू नकोस. तिच्या बरोबर खालच्या खोलीत जा आणि मान वर कर. कड्यांवर एकाच जागी ताजा ऑइलपेंट दिसला, किंवा एवढ्याच भागाला पीओपीचं खोटं छत केलेलं दिसलं, तर तिथे उघडून बघू द्या असं स्पष्ट सांग. मालक नको म्हणाला तर त्या नकारातच तुला उत्तर मिळालं.

दुसरा शत्रू सिमेंट. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला असताना आमच्या घराच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा मी खरवडून काढायला लावला आणि जाड सिमेंटचा करून घेतला. वडील नको म्हणत होते. मी त्यांना पाण्याच्या दाबावर व्याख्यान दिलं. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट तिला आत कोंडतं, हे मला परीक्षेपुरतंही शिकवलेलं नव्हतं. काही पावसाळ्यांनंतर भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं हातात भुगा होऊन आली. वडील काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तुझ्या वाड्याची मागची भिंत सिमेंटची असेल तर प्रत्येक तुळई भिंतीत शिरते त्या जागेचा वेगळा फोटो काढ.

भेगा दिसल्या की घाबरू नकोस, त्यांची चौकशी कर. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेघा सोड. कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वर रुंद आणि खाली अरुंद होत गेलेली भेग वेगळी. तिच्यावर काचेची पट्टी आडवी बसवून शेजारी तारीख लिहायची. पट्टी तुटली तर भिंत अजून हलतेय. दोन महिने थांबायची तयारी ठेव. मालकाला घाई असेल, तुला नसावी. आणि शेजारच्या प्लॉटवर जाऊन ये. पेठांत भिंती एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. शेजारचा वाडा पाडून तिथे पार्किंगसाठी खोल खणलं असेल, तर तुझी भिंत पहिल्यांदाच एकटी उभी आहे.

नदी जवळ आहे, म्हणून पानशेतचं विचारायला विसरू नकोस. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं तेव्हा शनिवार, नारायण, कसबा या भागांत पाणी शिरलं. मातीने सांधलेल्या कितीतरी भिंती त्या दिवशी बसल्या. तुझ्या वाड्यात पाणी कुठवर होतं आणि नंतर कुठली भिंत नव्याने उभी केली, हे कागदावर मिळणार नाही, माणसांकडून मिळेल.

कागदाचंही तसंच. मूळ खरेदीखत बहुधा स्वच्छ असतं, घोळ पुढच्या वाटण्यांत. शहरात सातबारा मागू नकोस. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढ. तिच्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर दचकू नकोस, फक्त वंशावळ लिहायला बस. एजंट म्हणतो, चारही भाऊ सही करतील. बहिणी कुठे आहेत? १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुली वारस होत्याच आणि ९ सप्टेंबर २००५पासून वडिलोपार्जित मिळकतीत त्यांना मुलांइतका हक्क आहे. बहिणींनी हक्क सोडला असेल तर नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं. ‘आमच्या ताईचं काही म्हणणं नाही’ हे वाक्य दस्त होत नाही. एकाच भावाचा अविभक्त, म्हणजे अजून वाटून वेगळा न केलेला हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून तर मुळीच घेऊ नकोस. राहत्या घराचा असा हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला कुटुंबाबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. पैसे देऊन दारात उभं राहायचं आणि मग वाटपाचा दावा लढायचा!

आता भावाचं. मालकाने सांगितलेला आकडा बिल्डरला सांगायचा आकडा आहे. पण वाडा शनिवारवाड्यापासून किती अंतरावर आहे ते आधी मोजून घे. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र धरलं जातं. अंतर स्मारकाच्या हद्दीपासून मोजतात, दिल्ली दरवाज्यापासून नव्हे. तुझा वाडा पहिल्या १०० मीटरमध्ये येत असेल तर तिथे नवं बांधकाम नाही. दुरुस्ती करता येते, तीही परवानगीने. बिल्डर तिथे येणार नाही, आला तरी हात हलवत परत जाईल. तुला तर राहायचंच आहे, इमले चढवायचे नाहीत. मग टॉवरचा भाव तू का मोजावास? ही गोष्ट मालकाला शांतपणे, कागद पुढे ठेवून सांग. सोबत महापालिकेकडे दोन गोष्टी विचार: वाडा वारसा यादीत आहे का, आणि विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा त्याच्या ओट्यावरून जाते का.

वायरिंग सगळं नवं करावं लागेल असंच धर. कर्जाला बँक कुरकुर करेल, ती तयारी आत्तापासून ठेव.

राहिल्या माडीवरच्या भाडेकरू आजी. एजंटने ‘त्यांना काढून देतो’ म्हटलंय, ते मला आवडलं नाही. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही; १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्या तुझ्याही भाडेकरू होतील. त्या राहणार हे धरून हिशेब मांड. जमला तर व्यवहार कर, नाही तर सोड. शिवाय तुझ्याच म्हणण्याप्रमाणे आजी पन्नास वर्षं तिथे आहेत. कुठल्या पावसात कुठे बादली ठेवायची हे मालकाला नाही, त्यांना माहीत आहे.

म्हणून रविवारी आपण आधी माडीवर जाऊ. सकाळी साडेसातला ये, एजंटला साडेनऊ सांग. लांब पेचकस, टॉर्च, टेप आणि खडू घे. जुने कपडे घाल, कौलांखाली चढायचं आहे. आजींना आदल्या दिवशी फोन करून विचार, चालेल का म्हणून. चितळ्यांकडून त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन ये. मोरीखालची खोली कोणाकडे आहे, तेवढं मला आधी कळव.

तुझे,
सर