आईस हॉकी खेळून पुढे कोच किंवा शिक्षक म्हणून करिअर होतं का, की वर्षं वाया जातात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, ठाण्यात इनलाइन हॉकी (एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवरची) खेळतो, आता लेहच्या कॅम्पला जायचं म्हणतोय आणि घरचे म्हणतात "पुढे काय, पीटीचा मास्तर होणार का?" हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो, कारण मी पीटीचा मास्तर आहे. ऐरोलीतल्या एका शाळेत दिवसा, आणि संध्याकाळी स्केटिंग-हॉकीची बॅच.

आधी उत्तर देऊन टाकतो, नाहीतर राहून जाईल. पोट भरतं. बर्फावर नाही भरत, कारण आपल्याकडे बर्फच नाही, लहानपणी गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये एक रिंक होता तेवढाच काय तो बघितलेला. शाळेत लागायचं तर ग्रॅज्युएशन आणि वर दोन वर्षांचं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), नुसतं कोचिंग करायचं तर पतियाळाच्या एनआयएसचे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स) कोर्स बघून ठेवा. कपाटातली मेडलं इंटरव्ह्यूत दोन मिनिटं कौतुकाला येतात, नोकरी बी.पी.एड.वरच लागते. पगार किती विचारलंय, ते शाळेवर आहे, मी माझा आकडा इथे लिहिणार नाही, आमचे नातेवाईक पण वाचतात.

आता खरं बोलतो.

२०१३ च्या जानेवारीत ओळखीच्या एका कोचने आम्हा ठाण्याच्या चार पोरांना लेहला नेलं. मी चोवीस वर्षांचा, इनलाइनमध्ये स्टेट खेळलेला, कोपरीत सकाळची छोटी बॅच पण घ्यायचो आणि स्वतःला फार मोठा समजायचो. बर्फ काय, चाकांऐवजी ब्लेड, एवढाच हिशोब डोक्यात. पहिले दोन दिवस साडेतीन हजार मीटरवर डोकं धरून रजईत पडून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी कारझूच्या तळ्यावर गेलो. तिथली माणसं रात्री वरून पाणी सोडतात, ते गोठून सकाळी पृष्ठभाग सपाट मिळतो, आणि ऊन चढायच्या आत खेळून घ्यायचं.

सुरुवात मस्त झाली. ढकलायची पद्धत तीच, वेग उलट जास्तच. मग थांबायची वेळ आली. आपली सवय टी-स्टॉपची, मागचा पाय आडवा ओढायचा. ओढला, तर ब्लेड निवांत घसरत राहिलं आणि मी कडेच्या बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत. परत प्रयत्न, परत ढीग. तिसऱ्यांदा माकडहाडावर बसलो ते आजही पावसाळ्यात आठवतं.

बर्फावर थांबायचं म्हणजे दोन्ही ब्लेड एकदम आडवी करून बर्फ खरवडायचा. ब्लेडला मधे खोबण आणि दोन बाजूंना दोन धारा असतात, त्यातल्या एकीवर तोल. इनलाइनवर असं सरळ उभ्याने आडवं झालात तर चाकं जमीन पकडतात आणि तुम्ही तोंडावर. म्हणजे नऊ वर्षं माझ्या अंगाने जे "करू नको" म्हणून शिकलं होतं नेमकं तेच आता करायचं होतं.

तिथे एक अकरा-बारा वर्षांचा पोरगा होता, जर्सी गुडघ्यापर्यंत, दोन हातात दोन वेगवेगळ्या रंगांचे ग्लव्हज. बाकीचे हसत होते, हा जवळ आला. हिंदी त्याची मोजकी. पहिल्यांदा त्याने माझ्या हातातली स्टिक काढून घेतली आणि लांब ठेवली. मग माझा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला, आणि जागेवर उभं राहून एका पायाचं ब्लेड आडवं करून बर्फावर घासलं. खोवलेल्या नारळासारखा पांढरा चुरा निघाला. "करो," म्हणाला. बस. मी तासभर एका जागी उभा राहून नारळ खोवला. आधी डावा पाय, मग उजवा. माझा चुरा जाड पडला की तो मान हलवायचा, बारीक पडला की काहीच बोलायचा नाही. मग अगदी हळू चालत येऊन तेच. चौथ्या दिवशी मी थांबलो, नीट, दोन्ही पायांवर.

गुडघे वाकव, वजन मागे घे, नजर समोर ठेव, यातलं एक अक्षर तो बोलला नाही. आणि मी कोपरीत काय करायचो? कडेला उभा राहून "गुडघे! गुडघे!" ओरडायचो, पोरं घाबरून अजून ताठ व्हायची, आणि मग मी स्वतः एक झकास राऊंड मारून दाखवायचो. ते शिकवणं नव्हतंच, मी पालकांसमोर मिरवत होतो.

परत आल्यावर बॅचचा पहिला महिना बदलला. स्टिक नाही, पक (चेंडूऐवजीची चकती) नाही, आधी थांबणं आणि पडणं. सहाशे रुपये फी होती तेव्हा, तिघांनी लगेच पोरं काढली. एक बाबा म्हणाले, सर आम्ही पैसे उभं राहायला देतो का. असो.

त्याच वर्षी दिवाळीत बी.पी.एड.चं ठरवलं. फराळाला दादाकडे घोडबंदरला गेलो होतो. दादा इंजिनियर आहे, वाईट माणूस नाही, माझ्या पहिल्या स्केट्सचे पैसे त्यानेच दिलेत. चकली मोडता मोडता म्हणाला, "म्हणजे खेळून काही झालं नाही म्हणून मास्तरकी धरलीस." वहिनी आत निघून गेल्या. मला तेव्हा काही सुचलं नाही, मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो. आता सुचतंय.

दादा, कॅनडात फादर डेव्हिड बाउर म्हणून एक होते. १९४४ मध्ये तिथल्या ज्युनियर आईस हॉकीतला सगळ्यात मोठा मेमोरियल कप जिंकलेल्या टीममध्ये होते, भाऊ एनएचएलमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या प्रोफेशनल लीगमध्ये, बॉस्टनकडून खेळायचा. हे मात्र धर्मगुरू झाले, शाळेत शिकवायला लागले आणि १९६१ मध्ये त्याच शाळेच्या टीमला तोच कप कोच म्हणून जिंकून दिला. मग कॉलेजच्या पोरांना घेऊन देशाची टीम बांधली, अट ही की शिक्षण सोडायचं नाही. १९६४ ला इन्सब्रुकच्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या एका खेळाडूची स्टिक त्यांच्या कपाळावर लागली, रक्त आलं, आणि ह्यांनी आपल्या पोरांना बेंचवरून हलू दिलं नाही. मेडल नाही मिळालं, चौथे आले. आणि क्लेअर ड्रेक, अल्बर्टा युनिव्हर्सिटीत शारीरिक शिक्षण शिकवणारे, म्हणजे आपल्या भाषेत पीटीचेच सर, २८ सीझन आणि ६९७ विजय, २०१७ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं त्यांना. ह्यांचं काय झालं नाही म्हणून मास्तरकी धरली ते सांग.

(दादाला हर्ब ब्रूक्स माहीत असता तर त्याने तो माझ्यावर फेकला असता. १९६० च्या अमेरिकन ऑलिंपिक टीममधून शेवटच्या घटकेला काढलेला, टीमने त्याच्याशिवाय गोल्ड मारलं, आणि वीस वर्षांनी त्यानेच कोच म्हणून रशियाला ४-३ हरवणारी पोरं तयार केली. पण तो दोन ऑलिंपिक खेळला पण मधे, त्यामुळे दादा, हा पण तुझ्या बाजूचा नाही.)

विषय भरकटला. तुमच्या मुलाचं बोलू. लेहला पाठवा. पण एक-दोन कॅम्पने कोणी आईस हॉकीवाला होत नाही, तिथली पोरं दर हिवाळ्यात बर्फावर वाढतात, आणि आर्मी-आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस) टीम आहेत, त्यांच्यासमोर आपली मुंबईकडची पोरं दोन पिरियडमध्ये धापा टाकतात. मुलींना सध्या जास्त वाव आहे असं माझं मत, २०२५ ला आपल्या मुलींनी आशिया कपमध्ये ब्राँझ आणलंय. शाळेची नोकरी म्हणजे फक्त मैदान असंही समजू नका, पोर्शन राहिला की गणिताच्या मॅडम सगळ्यात आधी माझाच पिरियड मागतात, आणि स्पोर्ट्स डेच्या आधी पंधरा दिवस मी चुन्याच्या रेषा मारत असतो. ते चालणार असेल तर या लाइनीत यावं. आणि ज्याला स्वतःला पटकन जमतं त्याने तर नीट विचार करून यावं, त्याला समोरच्याला का जमत नाही हेच कळत नाही.

मुलाला घरी एक काम द्या, सोसायटीतल्या एखाद्या सहा वर्षांच्या पोराला स्केट्सवर थांबायला शिकवायला सांगा, तुम्ही लांबून बघा. किती वेळा स्वतःच करून दाखवतो ते मोजा.

आणि आईस स्केट्स आत्ता विकत घेऊ नका. नववीत पाय वाढतो. तिथे भाड्याने मिळतील तेच घाला, फक्त जाड मोजे दोन जोड नेऊ नका, एकच पातळ जोड, नाहीतर बुटात पाय फिरतो आणि मग माझ्यासारखं माकडहाड.