ड्रम अँड बेस ऐकायची सवय कशी लागते? सगळं घाईघाईचं आणि एकसारखंच वाटतं

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं तर मी या फंदात पडले नसते. ‘हे मला घाईघाईचं वाटतं, एक गाणं दुसऱ्यापासून ओळखू येत नाही, किती दिवस ऐकून बघू आणि सुरुवात कुठून करू’ इथपर्यंत ठीक होतं, ते सांगणारे पुष्कळ भेटतील. पण खाली तुम्ही लिहिलंय, ‘माझा एक मित्र म्हणतो की हे सगळं मशीन वाजवतं, त्यात माणूस नसतोच.’ हा मित्र माझा मावसभाऊ तर नाही ना, अशी शंका आली आणि बसले लिहायला.

आधी घाईचं बोलते, ते लवकर आटपतं. ड्रम अँड बेस हे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, त्याची गती साधारण १७० ते १७५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तितक्या मात्रा. तुम्ही बहुतेक प्रत्येक मात्रेला मान हलवायला जाता आणि दोन मिनिटांत दमता. असं करू नका. चार मात्रांच्या आवर्तनात स्नेअर, म्हणजे तो कडक ‘टाक’ वाजणारा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. फक्त त्याला धरा. १७४ ची गती असेल तर तुमची मान ८७ ने हलेल, म्हणजे जरा रमतगमत चालल्यासारखी. बेस तर त्याहूनही सावकाश सरकत असतो. वर धावपळ आणि खाली निवांतपणा, हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं आणि सगळी मजा त्या अंतरात आहे. घाई तुम्हाला आहे, संगीताला नाही.

आता दादाकडे, म्हणजे त्या मावसभावाकडे येते.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आणि गिटारवाल्यांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ज्याच्या घरात ड्रमकिट असतं त्याला तालाच्या बाबतीत शेवटचा शब्द आपलाच असं वाटतं. एकदा त्याच्या खोलीत त्याचे मित्र जमले होते, प्रत्येकाने एकेक गाणं लावायचं ठरलं आणि माझी पाळी आली. मी जे लावलं त्याला तोंड उघडायलाच सव्वा मिनिट लागतं. आधी नुसता धुकट सूर, मग हायहॅटची, म्हणजे जोडझांजांची कुजबुज, मग एक बाई लांबून काहीतरी म्हणते, आणि मग ड्रॉप, म्हणजे ड्रम आणि बेस एकदम कोसळतात ती जागा. चाळिसाव्या सेकंदाला दादाने केबल उपटली. म्हणाला, ‘अगं, पण यात वाजवतंय कोण?’ सगळे हसले. मीही हसले, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. ड्रॉपच्या आधी केबल काढणं म्हणजे ताट वाढल्यावर पाट ओढणं. ते मी अजून विसरलेले नाही.

उत्तर शोधायला मला तीन आठवडे लागले.

वाजवतंय कोण, तर निदान एका ठिकाणी त्याचं अगदी नावानिशी उत्तर आहे: ग्रेगरी कोलमन. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या अमेरिकन बँडची ‘कलर हिम फादर’ ही रेकॉर्ड आली. तिच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ हा वाद्यसंगीताचा तुकडा होता. त्यात मधेच सगळे थांबतात आणि कोलमन एकटा चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सात सेकंद. हाच तो आमेन ब्रेक. विसेक वर्षांनी इंग्लंडमधल्या पोरांनी तो सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाज साठवून हवा तसा वाजवणाऱ्या यंत्रात घेतला, कापला, पळवला, आणि त्यातून आधी जंगल नावाचा प्रकार आणि मग ड्रम अँड बेस उभं राहिलं. एवढ्या एका ब्रेकवरच सगळा डोलारा आहे असं नाही, इतरही ब्रेक आहेत. पण हा थोरला.

मी तो कॉम्प्युटरवर घेतला आणि आधी नुसता पळवला. मूळ गती १३७ च्या आसपास, ती १७४ वर नेली. टेप पळवल्यासारखंच होतं ते: गती वाढली की स्वरही चढतो, इथे जवळजवळ चार अर्धस्वरांनी. स्नेअर वाटीवर चमचा मारल्यासारखा ऐकू यायला लागला. तोच तुकडा लूप करून, म्हणजे परत परत फिरवत ठेवला तर अगदी खेळण्यातलं माकड टाळ्या वाजवतंय असं वाटे. दादाचं म्हणणं खरं आहे की काय, असं पहिल्या रात्री वाटून गेलं.

मग कापायला घेतला. प्रत्येक ठोका वेगळा, माझे ४३ तुकडे झाले. तुकडे सुटे केल्यावर जे ऐकू येतं ते लूपमध्ये कधीच येत नाही. कोलमन अख्ख्या ब्रेकभर राइड सिंबल वाजवत असतो, त्यामुळे प्रत्येक किकच्या (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअरच्या शेपटीला त्या झांजेची गुंजन चिकटलेली असते. तुकडा कापला की ती गुंजनही मधेच तुटते. तुकड्यांची जागा बदलली की ही तुटकी टोकं एकमेकांवर आपटतात आणि तो जंगलचा खास खरखरीत, श्वास अडकल्यासारखा पोत तयार होतो. शिवाय दोन मोठ्या स्नेअरच्या मधे हलके, जवळजवळ अपघाताने पडल्यासारखे ठोके आहेत. एकही दुसऱ्यासारखा नाही. मला वाटायचं हा पोत सॅम्पलरचा आहे. अर्धा सॅम्पलरचा आणि अर्धा त्या माणसाच्या मनगटाचा निघाला.

तिसऱ्या आठवड्यात माझी सोळा आवर्तनं तयार झाली. सोळाच, पण एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. नव्वदच्या दशकात हेच काम लोक अकाईच्या सॅम्पलरवर आणि अटारी कॉम्प्युटरवर करत, आणि आजच्या मानाने अगदीच तुटपुंज्या मेमरीत ते बसवायला लागे. माझ्याकडे सगळं असून तीन आठवडे गेले, हे लक्षात घ्या.

दादाला ऐकवलं. या वेळी केबल मी हातात धरून बसले होते. आधी माझं ऐकवलं, तो काही बोलला नाही. मग मूळ सात सेकंद ऐकवले. तो म्हणाला, ‘परत लाव.’ लावलं. ‘तिसऱ्या आवर्तनात स्नेअर उशिरा येतोय.’ परत लावलं. ‘चौथ्याची पहिली मात्रा सोडलीये त्याने. मोकळी. आणि क्रॅशची झांज आधीच मारून टाकलीये.’ सहा वेळा ऐकलं असेल. मग उठून किटवर बसला आणि वाजवायला लागला. पहिली दोन आवर्तनं त्याला लगेच आली. तिसऱ्यात अडला. त्याचा डावा हात ते हलके ठोके शोधताना दिसत होता, काठी कातड्यावर नुसती उड्या मारत होती. मला वाटलं, झालं, जिंकले.

काठ्या खाली ठेवून तो म्हणाला, ‘म्हणजे वाजवलंय एका माणसानेच. तुम्ही लोकांनी नुसतं कापलंय. ही चोरी आहे.’

असा माणूस. आधी म्हणे यात माणूस नाही, आता म्हणे आहे, पण चोरलेला. दोन्हीकडून तोच बरोबर.

आणि यातला दुसरा भाग खरा आहे, हे कबूल करायला हवं. कोलमनला त्या सात सेकंदांसाठी काहीही मिळालं नाही. २००६ मध्ये तो वारला तेव्हा बेघर होता. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर, त्यालाही रॉयल्टी नाही. २०१५ मध्ये या संगीताच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला सुमारे २४,००० पौंड दिले. तेवढंच. हे दादाला मीच सांगितलं होतं, त्याने ते माझ्यावरच उलटवलं. यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. ज्यांनी कमावलं त्यांनी द्यायला हवं होतं.

पण ‘नुसतं कापलंय’ हे मी ऐकून घेणार नाही. तबल्यात कायदा असतो. ठरलेले बोल घ्यायचे, नवीन बोल आणायचा नाही, आणि तेवढ्यातच उलटसुलट करून पलट्यांवर पलटे काढायचे. तिथे आपण म्हणतो का, की बोल तर गुरूचेच, याने नुसते फिरवले? कोणता बोल कुठे टाकला, कुठे अडवला, कुठे सोडला यावरच दाद देतो ना? ब्रेक कापणाऱ्याचं काम हेच आहे. हे मी काही पहिल्यांदा जोडत नाहीये. लंडनच्या हॉक्सटन भागात ब्लू नोट नावाचा क्लब होता. तिथे रविवारी मेटलहेड्झ या रेकॉर्ड कंपनीची ड्रम अँड बेसची रात्र असायची आणि सोमवारी त्याच जागेत तबलावादक तल्विन सिंगची ‘अनोखा’. त्याच्या ‘ओके’ या अल्बमला १९९९ चा मर्क्युरी हा ब्रिटनमधला पुरस्कार मिळाला. भिंत एकच होती म्हणायची.

हे सांगितल्यावर दादा म्हणाला, ‘पण तबला हाताने वाजवतात.’ मग मी क्लाइव्ह डीमरचं नाव घेतलं, तो रोनी साइझच्या रेप्राझेंट या ड्रम अँड बेसच्या गटात प्रत्यक्ष ड्रम वाजवायचा, जोडीला डबल बेस, आणि त्यांच्या ‘न्यू फॉर्म्स’ला १९९७ चा मर्क्युरी मिळाला. जोजो मेयरचंही घेतलं, हा स्विस ड्रमर मशीनसारखं हाताने वाजवतो. दादा गप्प झाला. पण खरं सांगू का, ही नावं घेतली याचा मला नंतर राग आला. माणसाला वाजवता येतं म्हणून ते चांगलं, हे दादाचंच गणित मी मान्य केल्यासारखं झालं. मशीनवर केलेलं मशीनवरच केलेलं राहू दे. त्यात कोणाचा कान लागलाय एवढं बघावं. तुमच्या मित्राशी वाद घालाल तेव्हा डीमरचं नाव घेऊ नका.

बरं, सुरुवात कुठून करायची. एलटीजे ब्युकेमपासून करा. त्याचं ‘लॉजिकल प्रोग्रेशन’ १९९६ चं. ड्रम पळतात पण वर इतकी मऊ सावली असते की अंगावर येत नाहीत. मग हाय कॉन्ट्रास्टचं ‘ट्रू कलर्स’, ते २००२ चं. या प्रकाराला लिक्विड म्हणतात, यात गाता येण्यासारखं काहीतरी सापडतं. मग गोल्डीचं १९९५ चं ‘टाइमलेस’, पण त्याच नावाचा पहिला तुकडा २१ मिनिटांचा आहे, तो वेळ काढून, एकट्याने ऐका. गोल्डीला या संगीताकडे आणणाऱ्या दोन बाया होत्या, केमिस्ट्री आणि स्टॉर्म, दोघीही डीजे. मेटलहेड्झ लेबल तिघांनी मिळून काढलं. मुलींचं संगीत नाही हे, असं कोणी म्हणालं तर हे सांगायला ठेवा. मला ते दादाच्या मित्रांनी ऐकवलं होतं.

न्यूरोफंक या उपप्रकाराला पहिल्या वर्षी हात लावू नका. तुमची तक्रार एकसारखेपणाची आहे आणि त्यात तुम्हाला नुसता कारखाना ऐकू येईल. डबस्टेपला तर यात धरूच नका, त्याची गती १४० ची आणि घराणं वेगळं. गिटार आवडणाऱ्या मित्राला पटवायचं असेल तर पेंड्युलमचं २००५ चं ‘होल्ड युअर कलर’ लावा. जुने लोक पेंड्युलमला नाकं मुरडतात, मीही मुरडायची. पण दादाने पहिल्यांदा न सांगता आवाज वाढवला तो त्यालाच.

एकसारखेपणावर एकच उपाय सांगते: मोजा. ड्रॉपपासून सोळा आवर्तनं मोजा, १७४ च्या गतीला ते २२ सेकंद होतात. साधारण त्या टप्प्यावर काहीतरी बदलतं. एखादा हायहॅट येतो, बेसचं वळण बदलतं, नाहीतर एक किक गळते. ते काय होतं हे सांगता आलं की दोन गाणी एकसारखी वाटायची थांबतात. मला यायला दोनेक महिने लागले. किती दिवस द्यावे, तर तेवढे द्या. नाही जमलं तर सोडून द्या, कर्तव्य नाही हे.

आणि फोनच्या स्पीकरवर तर अजिबात ऐकू नका. खालचा बेस ४० ते ६० हर्ट्झमध्ये असतो, तो फोनमधून बाहेरच पडत नाही. तुम्ही आजवर फोनवर ऐकलं असेल तर नावातलं अर्धंच ऐकलंय, आणि मग घाईघाईचं वाटेल नाहीतर काय. बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर हवेत. मात्र बेस अंगात जाणवावा म्हणून आवाज वाढवत बसू नका, कान गेले की परत येत नाहीत. क्लबमध्ये जाणार असाल तर इअरप्लग घालून जा, त्याने बेस अंगात जाणवायचा थांबत नाही. आणि हो, जंप-अप या आणखी एका उपप्रकाराबद्दल मी काही बोलले नाही कारण मला तो प्रकार सहन होत नाही. म्हणजे तो वाईटच असेल असं नाही.

दादा हल्ली सरावाला बसला की हात मोकळे करायला तेच तिसरं आवर्तन वाजवतो. विचारलं तर म्हणतो, सोल आहे, १९६९ चं, तुमच्या त्या ठोकाठोकीशी काही संबंध नाही. मी त्याला दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

तुमच्या मित्राला ऐकवाल तेव्हा केबल स्वतःच्या हातात ठेवा. निदान दीड मिनिट.