पेनड्राइव्ह काढून लावला अन् साल 1904!

प्रश्न : भाऊ, आमचा मोर्शीजवळ संत्र्याचा बगीचा आहे. मातीतल्या ओलाव्याच्या नोंदी मी जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवरून, एक्स्ट-थ्री (लिनक्सची फायली मांडायची जुनी पद्धत) केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवतो. एका फायलीला सहज 15 ऑगस्ट 2040, दुपारी 12 ही वेळ देऊन पाहिली. बरोबर दिसली. पेनड्राइव्ह काढून परत लावला, तर 10 जुलै 1904! मी शिकण्यापुरती एक लहान फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडायची अशीच पद्धत, लिहितोय. तिच्यात हे कसं टाळू?

उत्तर : काढून परत लावला म्हणून चोर सापडला. बाकीचे तारीख दिसली की उठतात. तेव्हा दिसते ती मेमरीतली तारीख, आणि मेमरीत सेकंद 64 बिटांत असतात. तुमच्या पेनड्राइव्हवरच्या इनोडात, म्हणजे फाइलीची वेळ वगैरे माहिती ठेवायच्या कप्प्यात, जागा 32 बिटांचीच. 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद तिथे 19 जानेवारी 2038 पर्यंतच मावतात, आपल्या घड्याळात सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद. लिहिताना वरचे बिट मुकाट्यानं कापले गेले, वाचताना उरलेला आकडा ऋण निघाला, अन् फाइल पणजोबांच्या काळात गेली.

मी जिनिंगात काट्यावर होतो तेव्हा कापसाच्या वजनपावतीवर ‘19’ छापलेलंच यायचं, पुढं दोन आकड्यांची जागा. 2000 उजाडलं तरी गठ्ठे शिल्लक. मालक म्हणे, संपेस्तोवर खोडून लिहा. निदान आम्हाला खोडायचं कळत होतं!

तुमची फाइल सिस्टिम नवीन आहे, तर डिस्कवर सेकंदांना सरळ 8 बाइट द्या. इथं कंजुषी नको. कोडात सेकंद कुठंही ‘इंट’मध्ये (हा आकडा बहुधा 32 बिटांचाच असतो) ठेवू नका, एखादा मधला व्हेरिएबल विसरला की सगळं मुसळ केरात. सर्वांत लहान आणि मोठी चालणारी तारीख एकाच जागी लिहा, अन् तिच्याबाहेरची वेळ आली तर हद्दीवरच अडवा. लिनक्स 5.4 पासून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हेच करतं: चूक तारखेऐवजी मावेल ती शेवटची तारीख लिहितं, शिवाय हद्द जवळ असेल तर माउंट करतानाच (डिस्क जोडतानाच) बजावतं. चाचणी मात्र तुम्ही केली तशीच करा. हद्दीच्या एक सेकंद आधी, एक सेकंद नंतर, आणि दर वेळी अनमाउंट करून.

पेनड्राइव्ह एक्स्ट-फोर करा, इनोड 256 बाइटांचा ठेवा. वाढीव दोन बिटांमुळे 2446 पर्यंत निघतं. अन् फॉरमॅट मारण्याआधी आंबिया बहाराच्या नोंदी दुसरीकडे काढून घ्या बरं!