डेरिव्हेटिव्हच्या सूत्रांआधी हे करून बघ

सूत्रं पाठ करायची घाई नको. आधी एकच गणित हाताने कर. उंचावरून सोडलेला दगड, हवेचा विरोध सोडला तर, सेकंदांच्या वर्गाच्या ४.९ पट मीटर खाली येतो. २ ते ३ सेकंदांतला सरासरी वेग काढ: ४४.१ वजा १९.६, भागिले १, म्हणजे २४.५ मीटर प्रति सेकंद. आता मधला काळ कमी करत जा. २ ते २.१ घेतलंस तर २०.०९, २ ते २.०१ ला १९.६४९. आकडा १९.६ कडे सरकतोय ना? २ सेकंद झाले त्या क्षणीचा वेग तोच, डेरिव्हेटिव्ह म्हणतात ते हेच. छेदात थेट शून्य मात्र घालू नकोस, बहुतेक जण तिथेच अडकतात. आणि एकक लिहायचा कंटाळा नको. उत्तर नुसतं मीटरमध्ये आलं, तर वेळेने भागायचं राहिलंय.