१९७१ च्या एमजीबीची घरघर आणि रिव्हर्सची करकर: इंजिन उतरवायच्या आधी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आर्वीजवळच्या गावात काकांकडून आलेली १९७१ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते. रिव्हर्स टाकताना दात करकरतात. दिवाळीत मिस्त्रीनं गिअरबॉक्सचं तेल बदलून ९० नंबर भरलं, आणि आता तोच म्हणून राहिला की क्लच गेला, इंजिन उतरवा. हे सगळं फार ओळखीचं आहे. म्हणून आधी एवढंच सांगतो, इंजिन उचलायची चेन कप्पी अजून आणू नका.

तुमच्या गाडीत दोन वेगळी दुखणी आहेत. घरघर बेअरिंगची आहे. करकर बेअरिंगची नाही. दोन्ही एकाच बिलात बांधली की खर्च मोठा होतो आणि एक दुखणं तसंच राहतं.

सगळ्यात महाग चूक तेलाची, आणि मलाही तीच भोवली. गॅरेजचं नाव घेत नाही, कारण जीप-ट्रॅक्टरवर हात बसलेले बहुतेक मिस्त्री हेच करतात: गिअरबॉक्स म्हटला की ९० नंबर. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल जातं, २०डब्ल्यू-५०. मिस्त्री म्हणतो ५० पातळ, ९० जाड, म्हणून दातांना ९० बरं. हे गणितच चुकीचं आहे. गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर वेगवेगळ्या मापाचे. ९० नंबरचं गिअर ऑइल जाडीला ५० च्या इंजिन ऑइलच्या आसपासच असतं. खरा त्रास जाडीचा नाही, त्यात घातलेल्या गंधक-फॉस्फरसच्या रसायनांचा आहे. डब्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिलं असेल तर ती रसायनं डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) दातांसाठी भरपूर घातलेली असतात. सिंक्रोच्या (गिअर टाकताना दातांचा वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा आणि ब्राँझचे बुश त्यांनी खराब होतात. शिवाय सिंक्रो रिंगेला दाताचा वेग अडवायला थोडं घर्षण लागतं, आणि हे तेल नेमकं तेच काढून घेतं. गाडीला लेकॉक ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला जास्तीचा गिअर) असेल तर तोही याच तेलावर चालतो आणि घसरायला लागतो.

आता यातून पुढे काय होतं ते पाहा. गिअर अडकायला लागतात. मिस्त्री म्हणतो क्लच सुटत नाही. इंजिन उतरतं, नवी क्लचप्लेट, नवी प्रेशर प्लेट बसते, आणि गिअर तसेच अडकतात. हजारोंचा माल आणि दोन आठवडे वाया, आणि तेल बदला असं कोणीच म्हणत नाही.

म्हणून पहिलं काम: दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी गरम करा आणि तेल काढा. साध्या २०डब्ल्यू-५० नं भरा, दोनशे किलोमीटरनं पुन्हा काढून पुन्हा भरा. चारही गिअरला सिंक्रो असलेल्या, म्हणजे तुमच्या सालच्या गिअरबॉक्सला सुमारे ३ लिटर लागतं, ओव्हरड्राइव्ह असेल तर साडेतीनला थोडं कमी. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) गिअरबॉक्सवरच्या मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावरच्या गालिच्याखाली, रबरी बुचाखाली असते. तिथूनच लांब नळीच्या नरसाळ्यानं भरायचं, हळूहळू, नाहीतर बाहेर सांडतं. मिस्त्री वरून घट्ट करणारं कसलं रसायन घालतो म्हणाला तर हात धरा.

काढलेलं तेल फेकू नका. थाळीत घेऊन उन्हात बघा आणि चुंबक फिरवा. सोनेरी बारीक चमक असेल तर ती सिंक्रो रिंगांची, थोडी असणारच. चुंबकाला चिकटणाऱ्या चपट्या पोलादी टिकल्या निघाल्या तर बेअरिंगचा किंवा शाफ्टचा पृष्ठभाग सुटून राहिला. मग मात्र गाडी चालवत राहू नका, सुटलेला तुकडा दाताखाली आला की खर्च कितीतरी वाढतो.

आता घरघर. न्यूट्रलमध्ये पाय वर असताना गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि खालचा लेशाफ्टचा (जोर पुढच्या शाफ्टकडून गिअरांना देणाऱ्या दांड्याचा) दातांचा संच फिरतो, क्लच दाबला की दोन्ही थांबतात. म्हणजे संशयित दोनच: पुढच्या शाफ्टचं बेअरिंग किंवा लेशाफ्टचे सुईसारखे रोलर. फरक रस्त्यावर कळतो. पहिल्या तीन गिअरमध्ये जोर लेशाफ्टमधून जातो, चौथ्यात इंजिनापासून सरळ मागे. तीन गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात एकदम शांत, तर लेशाफ्टवर संशय धरा. चौथ्यातही राहिली तर पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडा (रिकामा रस्ता, चावी फिरवून स्टिअरिंग लॉक करू नका) आणि तरीही आवाज आला तर आधी गिअरबॉक्सला बोल लावू नका, प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, डिफरन्शियल आणि चाकाचं बेअरिंग बघा. आवाजावरून शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही. शेवटी उघडल्यावरच कळतं.

क्लच हलका टेकवला की चिरचिर सुरू होत असेल तर ते रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारं. क्लच पूर्ण दाबून, गिअर टाकून उभं राहिल्यावर कुंईकुंई आली तर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकातला पायलट बुश, कारण तेव्हाच क्रँक फिरतो आणि शाफ्ट थांबलेला असतो. तुम्ही लिहिलंय त्यात हे दोन्ही दिसत नाहीत.

रिव्हर्सची करकर मात्र बाहेरून तपासता येते. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. इंजिन आयडलला ठेवा, क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा, मग टाका. न थांबता टाकल्यावरच करकरतं तर ती टाकण्याची घाई. थांबूनही करकरतं तर क्लच खरंच पूर्ण सुटत नाही. आता गाडीखाली जा (घोडीवर, नुसत्या जॅकवर नाही) आणि कोणाला तरी पेडल दाबायला सांगून स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सवरचा, तेलाच्या दाबानं क्लच सोडवणारा) दांडा किती सरकतो ते पट्टीनं मोजा. १२ ते १३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. ८-९ वर अडकला तर इंजिन उतरवून काही मिळणार नाही.

कमी येण्याची कारणं या क्रमानं बघा. पेडल आणि मास्टर सिलिंडरचा (पेडलजवळचा, तेल दाबून स्लेव्हकडे पाठवणारा) दांडा जोडणारी पिन. पन्नास वर्षांत ती कापली जाते आणि पेडलचं भोक अंडाकृती होतं. तिथे एक मिलिमीटरचा खेळ म्हणजे पेडलचं बरंच अंतर फुकट. भोक वेल्डिंगनं भरून खरादीकडून पुन्हा पाडून घ्या, पिन नवी घाला. पिनेऐवजी बोल्ट ठोकू नका. मग रबरी नळी: बाहेरून चांगली दिसते, पण आतून फुगते किंवा दाबात ताणते. मग स्लेव्हचं रबरी बूट उचला. आत ओल असेल तर सील गेलं. क्लचचं तेल म्हणजे ब्रेकचं तेल, डॉट ३ किंवा डॉट ४, चुकूनही इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिकचं तेल नको, सगळे सील फुगतात. नळीत अडकलेली हवा निघत नसेल तर उलटं करा: तेलाची पिचकारी स्लेव्हच्या निप्पलला लावून तेल खालून वर ढकला.

एवढं करूनही इंजिन काढायची वेळ आलीच, तर उतरवण्याचे टप्पे सांगत नाही, पुस्तिकेत आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून दोनशे किलोच्या आसपास, म्हणून १ टनाची कप्पी लोखंडी गर्डरला लावा, गोठ्याच्या लाकडी आढ्याला नाही. एकदा निघालं की फक्त क्लचप्लेट बदलून परत बसवू नका. ८ इंची प्लेट, प्रेशर प्लेट, कार्बनचं रिलीज बेअरिंग, पायलट बुश, क्रँकचं मागचं सील आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या झाकणाचं सील, सगळं एकदाच. बुश छिद्राळ ब्राँझचा असतो, तो रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून बसवा, ग्रीस भरू नका. कार्बनऐवजी गोळ्यांचं बेअरिंग विकणारे भेटतील. माझं मत नाही म्हणूनच आहे. कार्बन लवकर झिजतो तो पाय पेडलवर टेकवून चालवल्यानं आणि रेल्वे फाटकावर क्लच दाबून उभं राहिल्यानं. फाटकावर न्यूट्रल करा.

बसवताना प्लेटचा स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. मध्यावर धरायला सुताराकडून शाफ्टच्या मापाचा लाकडी दांडा करून घेतला तरी चालतो. गिअरबॉक्सचं वजन क्षणभरही शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नव्या क्लचची करकर पहिल्या दिवशीच सुरू होते. दोघं जण आणि खाली जॅक हवाच.

बेअरिंग घ्यायला नागपूरला जाल तेव्हा जुनं सोबत न्या. नंबर, माप आणि बाहेरच्या रिंगेची खाच, तिन्ही जुळवा. जवळपासचं माप ठोकून बसवतो म्हणणाऱ्याकडून उठून या. इंजिन ॲम्बेसेडरच्या बी-सिरीज घराण्यातलं आहे, पण तुमचं १७९८ सीसीचं. म्हणून ॲम्बेसेडरचा माल मोजल्याशिवाय घेऊ नका.

आधी तेल बदला, दांडा मोजा आणि मिलिमीटरचा आकडा इथे लिहा. चौथ्या गिअरमध्ये घरघर राहते का तेही लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.