ऑटोमॅटिक घेतोयस, तरी क्लच शिक

ऑटोमॅटिक गाडी घेऊ का विचारतोयस ना? अरे बिनधास्त घे, पुण्याच्या ट्रॅफिकमधे रोज क्लच दाबून गुडघा दुखवण्यात काही शहाणपणा नाही. २०१४ ला मारुतीची सेलेरियो एएमटी (आतला क्लच आणि गिअर गाडी स्वतःच चालवते असा ऑटोमॅटिक) आली तेव्हापासून स्वस्त गाड्यांतही सोय झालीये. पण शिकताना मॅन्युअलवरच, म्हणजे क्लच दाबून हाताने गिअर टाकायच्या गाडीवरच शीक, दहा-पंधरा दिवस जातील फक्त, कारण लायसन्स दोन्हीला एकच असतं आणि उद्या गावी काकांची जुनी गाडी रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अडायला नको.

ऑटोमॅटिकवर नवीन लोकं हमखास करतात त्या चुका:
- डावा पाय ब्रेकवर. अजिबात नाही! ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्यानेच, डावा बाजूला गप्प ठेव.
- चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं. एएमटीत आत क्लच असतोच, तो जळतो, आणि वास आला की खर्च आलाच. ब्रेक दाब नाहीतर हँडब्रेक लाव.
- घाट उतरताना न्यूट्रल. हे कृपा करून नको, खंबाटकी असो की वरंधा, मॅन्युअल मोडला टाकून खालच्या गिअरमधे उतर, नुसत्या ब्रेकवर राहिलास तर ब्रेक तापून लागेनासे होतात.

डीसीटी, सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचेच दुसरे प्रकार, त्यांच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. आधी रिकाम्या मैदानात मॅन्युअल गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, हलवायला शीक, बंद पडेल वीस वेळा, पडू दे.